अर्धं पाणी, अर्धं आभाळ

आमच्या ऑफिसात एक जाडजूड फाईल होती. तिच्यावर सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'वेडी हॉटेलं' असं लिहिलं होतं. परदेशी मासिकांतून कापलेली चित्रं आत चिकटवलेली. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात दर हिवाळ्यात बर्फाचं हॉटेल बांधतात, पलंगसुद्धा बर्फाचा, आणि ऊन तापलं की ते वितळून नदीला मिळतं. कुठं समुद्राच्या तळाशी खोली, तिथं जायचं तर पाठीला नळकांडं बांधून बुडी मारायची. जपानात म्हणे माणसं भिंतीतल्या खणात झोपतात. कुठं डोंगर पोखरून केलेल्या गुहा, कुठं जुना तुरुंग. चहाच्या वेळी सर एकेक पान उलटून आम्हाला दाखवायचे. मी मूळची बेळगावची. आमच्याकडे परगावी जाऊन लॉजवर उतरणं हाच कमीपणा. "का गे, तिथली आपली माणसं सगळी मेली काय?" असं आई विचारायची. त्यामुळे बर्फावर झोपायला हौसेनं जाणारी माणसं बघून मला हसू यायचं. मी हसले की सर चिडायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. लग्न होऊन मी बंगळूरला आले, मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहू लागले आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनचाच. दिवसभर ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढायचे, चुकलं की दाढीच्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची आणि वरून पुन्हा काढायचं. खरवडल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये यातच कसब होतं, आणि ते माझ्यात होतं, हे मी तोऱ्यात सांगायची.

सर, म्हणजे ते आर्किटेक्ट, पुण्याचे. सहा वर्षं बंगळुरात काढूनही त्यांच्या कानडीची मजल 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्यापुढे गेली नव्हती. कुठं साइटवर जायचं झालं की ते मला गाडीत घालून न्यायचे. गवंड्यांशी, शेजारच्या शेतकऱ्यांशी, गावातल्या म्हाताऱ्यांशी मी बोलायचं आणि सरांना मराठीत सांगायचं. माझं कानडी धारवाडी वळणाचं, इकडच्या लोकांना त्याचं हसू यायचं, पण काम भागायचं. सांगायचा मुद्दा असा की त्या ऑफिसात गावकऱ्यांना चार प्रश्न विचारू शकणारं माणूस मी एकटीच होते.

देवनहळ्ळीच्या पुढे एका गावाजवळ एका श्रीमंत गृहस्थांची जमीन होती. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. भोवती पेरूच्या आणि पपनसाच्या बागा, द्राक्षांचे मांडव, आणि जमिनीला लागून एक मोठी जुनी केरे. केरे म्हणजे मातीचा लांब बांध घालून अडवलेला तलाव. पावसाचं पाणी वरच्या तलावातून खालच्या तलावात असं उतरत यायचं, अशी ती साखळी होती. पण ही केरे नऊ-दहा वर्षं भरलेली नव्हती. मध्यभागी थोडं पाणी, त्यात म्हशी, आणि बाकी सगळा भेगाळलेला चिखल. मालकांना तिथं रिसॉर्ट हवं होतं. सरांनी एक फेरी मारली, बांधावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "अहो, हीच ती जागा. आपलं हॉटेल फाईलमध्ये नाही, जगात कुठेच नाही."

कल्पना अशी. बांधाच्या आतल्या अंगाला, बांधाला पाठ टेकून सहा खोल्या. बांधावरून जिना उतरून खाली जायचं, एक अरुंद बोळ, बोळात सहा दारं. प्रत्येक खोलीत केरेच्या बाजूला चार फूट उंचीची जाड काच. केरे पूर्ण भरली की पाणी त्या काचेच्या बरोब्बर मध्यावर येणार. पलंगावर पडून बघावं तर खालच्या अर्ध्यात पाणी, वरच्या अर्ध्यात आभाळ. काचेच्या वर सहा इंचांची भिंत सोडून हवेसाठी झरोके. मला मनापासून सांगायचं तर ते चित्र काढताना माझंही हसू थांबलं होतं. ते सुंदर होतं. मी त्या पाण्यात दोन बदकंही काढली होती आणि सरांनी ती राहू दिली.

आता एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जमिनीवर काहीही बांधायचं तर उंची मोजायला एक पक्की खूण लागते. सर्व्हे करणारा माणूस न हलणारा एखादा दगड निवडतो, त्याच्यावर छिन्नीनं बाणाची तीन रेघांची खूण कोरतो, रंग लावतो. याला आम्ही बेंचमार्क म्हणतो. त्या दगडापासून वर किती, खाली किती, असं सगळं मोजलं जातं. पाणी कुठवर येईल, जमीन कुठं असेल, सगळं त्या दगडाच्या हिशेबानं. आमच्या पहिल्या सर्व्हेयरनं बांधाच्या उतारावरचा एक काळा दगड निवडला आणि वहीत लिहून ठेवलं, 'झाडाखालचा काळा दगड, पिवळी खूण'. मग परवानग्यांत दीड वर्ष गेलं. तो सर्व्हेयर गल्फला निघून गेला.

दीड वर्षानं पाया आखायला आम्ही पुन्हा गेलो. नवा सर्व्हेयर, सर आणि मी. दगड शोधायला फार वेळ लागला नाही. बांधाच्या पायथ्याशी पिंपळाचा कट्टा होता, त्यावर तो बसला होता. पिवळ्या रंगावर हळद, हळदीवर कुंकू, बाणाच्या तीन रेघा कुंकवानं नीट भरलेल्या, पुढ्यात विझलेली पणती आणि शेवंती. नव्या सर्व्हेयरनं खांद्यावरचा मोजपट्टीचा लांब दांडा काढला आणि तो थेट देवाच्या डोक्यावर ठेवायला निघाला. मी ओरडलेच. "अहो, चपला तरी काढा!" मीही चपला काढल्या, दगडाला हात जोडले, तुझ्या डोक्यावर काठी ठेवतोय, क्षमा कर म्हणाले, आणि मग त्याला म्हटलं, आता हळूच ठेवा. सर लांब उभं राहून हसत होते. म्हणाले, "बघा, आपल्या बेंचमार्कला भक्त मिळाले." आम्ही सगळेच हसलो.

तिथं दोन बायका पाणी भरत होत्या. हा देव इथं कधीपासून आहे, एवढा एकच प्रश्न मी त्यांना विचारायचा होता. मी तो विचारला नाही. देवाबद्दल असं विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं, आणि वहीत 'झाडाखालचा दगड' असं लिहिलेलं होतंच. झाड होतं, दगड होता. मापाच्या कागदावर 'तपासलं' या शब्दासमोर मी माझी सही केली.

बांधकाम सुरू झालं. दोन महिन्यांनी मुख्य गवंडी ऑफिसात आला आणि म्हणाला की जिन्याला पाच पायऱ्या जास्त लागतायत. नकाशात अठरा, प्रत्यक्षात तेवीस. सरांनी नकाशाकडे बघितलं, म्हणाले, "मध्ये कुणीतरी बांधावर भराव टाकला असेल. पाच वाढवा." मी माझं ब्लेड घेतलं, अठरा पायऱ्या खरवडल्या आणि तेवीस काढल्या. इतक्या सफाईनं की कागद उजेडासमोर धरला तरी कळू नये.

याच सुमारास माझा धाकटा भाऊ बेळगावहून आमच्याकडे आला. सव्वीस वर्षांचा, हॉटेलच्या धंद्यातला डिप्लोमा, आणि तीन ठिकाणच्या नोकऱ्या सोडून किंवा सुटून झालेला. आईनं फोनवर माझ्यापाशी रड लावली होती. मी सरांच्या मागे लागले, सरांनी मालकांना सांगितलं, आणि मालकांनी त्याला होणाऱ्या हॉटेलचा मॅनेजर म्हणून ठेवून घेतलं. शेवटची, सहावी खोली त्याला राहायला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळ्यात टाय आला. तो आरशासमोर उभा राहून मला म्हणाला, "अक्का, आता आईला सांग, पोरगं कामाला लागलं म्हणून." मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी शेजारीपाजारी पेढे वाटले.

हॉटेल उघडायला महिना राहिला होता तेव्हा, फेब्रुवारीत, मी शेवटची मापं घ्यायला एकटी साइटवर गेले. तिथं मला नीरगंटी भेटला. केरेचं पाणी सोडणं, अडवणं, कुणाच्या शेताला किती वेळ द्यायचं हे बघणारा गावचा माणूस, त्याला तिकडे नीरगंटी म्हणतात. काम बापाकडून मुलाकडे येतं. हा सत्तरीचा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. इकडे म्हाताऱ्याला ताता म्हणतात, पण माझ्या तोंडात अज्जाच यायचं आणि त्याला ते आवडायचं. केरेत पाणी नाही म्हणून त्याला काम नव्हतं; मालकांनी त्याला माळी म्हणून ठेवलं होतं आणि खाकी गणवेश दिला होता.

तो मला भिंतीकडे घेऊन गेला. खोल्यांच्या बाहेरच्या भिंतीवर त्यानं चुन्यानं एक लांब रेघ ओढली होती. रेघ काचेच्या मध्यावर नव्हती. काचेच्या वर होती. झरोक्यांतून आडवी गेली होती.

"हे काय अज्जा?" मी विचारलं.

"इथवर पाणी येतं, अक्का," तो म्हणाला.

केरेतून शेतांकडे पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला तूबु म्हणतात. त्याचे दोन दगडी खांब तिथंच जवळ उभे होते, आणि एका खांबावर पूर्वजांनी रेघ कोरून ठेवली होती. केरे तुडुंब भरून तिच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की पाणी त्या रेघेला टेकतं. अज्जानं गवंड्याची पाणी भरलेली नळी मागून घेतली होती, एक टोक खांबावरच्या रेघेला लावलं, दुसरं भिंतीला, आणि चुन्यानं खूण केली. आमची यंत्रं चुकतील, पण ही नळी कधी खोटं बोलत नाही. मी खालच्या पायरीवर बसले. मग फार उशिरा, तो एक प्रश्न विचारला.

"अज्जा, तो पिंपळाखालचा देव. तो तिथं कधीपासून आहे?"

त्याचा चेहरा उजळला. "देवी आहे ती. आधी वर होती, बांधाच्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली. एके दिवशी अंगावर त्रिशूळ घेऊन प्रकट झाली. वर वाऱ्यानं दिवा टिकेना, बायकांना चढताना त्रास. म्हणून आम्ही वाजतगाजत खाली आणली. बारा माणसं लागली उचलायला."

त्रिशूळ म्हणजे आमचा तीन रेघांचा बाण. मी टेप घेऊन गेले आणि उतारावरचा खड्डा शोधून काढला. तिथपासून कट्ट्यापर्यंतचा फरक मापला. तीन फुटांना एक बोट कमी. जेवढी देवी खाली आली होती, तेवढ्याच आमच्या खोल्या खाली गेल्या होत्या. पाच पायऱ्या.

मी त्याच दिवशी सरांना सांगितलं. ते पेन्सिल फिरवत राहिले. मग म्हणाले, "लुक, पॉईंट असा आहे, बिल्डिंग उभी आहे. आता उचलून वर घेता येत नाही. आणि ती केरे बारा वर्षांत भरलेली नाही, ती काय आता भरणार आहे?" ज्या माणसानं भरलेल्या केरेवर हॉटेल बेतलं, तोच आता केरे भरणार नाही म्हणत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे न बघता मापाचा कागद पुढे सरकवला. "ही सही कोणाची आहे? मालकांना कळलं तर आधी तुम्ही, मग तुमचा भाऊ. विचार करा." दुसऱ्या आठवड्यात अज्जाच्या रेघेवर फिकट निळा रंग मारला गेला.

मी विचार केला आणि तोंडाला कुलूप लावलं. सरांना दोष देणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्यांनी फक्त मला हवं असलेलं निमित्त दिलं. माझी चूक उघडी पडू नये, भावाचा टाय त्याच्या गळ्यात राहावा, आईसमोर मान वर राहावी, एवढंच मला हवं होतं. अज्जानं मालकांनाही सांगितलं होतं, ते हसले होते. मी एकदा त्याला म्हटलं, "अज्जा, तू इथली नोकरी सोड की." तो म्हणाला, "केरे भरेल तेव्हा नीरगंटी तिथं नको का?"

मार्चमध्ये हॉटेल उघडलं. पहिले सहा महिने काचेतून म्हशीच दिसत होत्या. पाहुणे थट्टा करायचे, आणि ती थट्टा माझ्या भावाच्या जिव्हारी लागायची. मालकांनी काचांपुढे एक छोटं डबकं केलं, त्याला हिरवा तवंग आला. भाऊ रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा त्याच्या तोंडी पावसाशिवाय विषय नसायचा. "अक्का, एकदा ही केरे भरू दे. मग बघ, मुंबईहून लोक येतील." तो देवापुढे बसून पाऊस मागायचा आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पाऊस पडू नये म्हणायची. एकाच घरातल्या दोघांचं ऐकायचं म्हणजे देवाचीही पंचाईतच. मल्लेश्वरमच्या बाजारात भाजी घेताना दोन थेंब पडले तरी मी आभाळाकडे बघत उभी राहायची, आणि भाजीवाली म्हणायची, "अक्का, एवढ्याला काय घाबरता?" सप्टेंबर कोरडा गेला. मला वाटलं, वाचलो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस लागला तो थांबेचना. आठ दिवस रोज. शनिवारी दुपारी भावाचा फोन आला. त्याचा आवाज आनंदानं चिरकत होता.

"अक्का! अर्धं पाणी, अर्धं आभाळ! तुझ्या चित्रातल्यासारखं, रेघ न् रेघ. पाचही खोल्या पाहुण्यांनी भरल्यात. मालक उद्या फोटोवाला घेऊन येऊलालेत. तू पण ये की!"

"पाणी मध्यावर आहे?" मी विचारलं.

"बरोब्बर मध्यावर."

म्हणजे अजून तीन फूट यायचं होतं. मी फोन धरून उभी होते. त्या वेळी सांगता आलं असतं. चार वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "जपून रे," आणि तो हसला.

रविवारी उजाडल्यावर मी नवऱ्याला काही न सांगता मॅजेस्टिकच्या स्टँडवरून देवनहळ्ळीची बस धरली. पाऊस थांबला होता. स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाचीच मला जास्त भीती वाटली, कारण ऊन बघून कुणी सावध राहणार नव्हतं. देवनहळ्ळीहून रिक्षा केली. रिक्षावाला खुशीत सांगत होता की वरच्या दोन्ही केरे पहाटेच ओसंडल्या, सगळं पाणी आता खाली येतंय, बारा वर्षांनी कोडी पडणार. कोडी पडणं म्हणजे सांडव्यावरून पाणी वाहणं. गावात ढोल वाजत होते. बायका नव्या साड्या नेसून सुपांत हळदकुंकू, बांगड्या, नारळ घेऊन केरेची ओटी भरायला निघाल्या होत्या.

बांधावर पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. पाहुणे वर हिरवळीवर नाश्ता करत होते. भाऊ टाय लावून त्यांच्यात फिरत होता. मी खाली डोकावले. बोळाच्या फरशीवर पाणी चमकत होतं, घोट्याएवढं. केरेच्या अंगानं बघितलं तर काचा दिसतच नव्हत्या, सगळ्या पाण्याखाली होत्या, आणि लाटा झरोक्यांच्या कडेला लागत होत्या.

मी भावाला बाजूला ओढलं. "सगळ्यांना वरच थांबव. कुणाला खाली जाऊ देऊ नको."

"थोडं झिरपतंय गे. झरोक्यांना पोती लावलीत. मालक यायच्या आत पुसून घेतो."

"वरच्या केरे ओसंडल्यात म्हणतात. पाणी वाढणार."

"वाढून वाढून किती वाढेल? सरांनी हिशेब केलाय की. सगळं मोजून बांधलंय, तूच तर सांगितलंस."

मीच सांगितलं होतं. पेढे वाटताना. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी एक बाई नाश्त्यावरून उठून आल्या. त्यांची औषधांची पिशवी तिसऱ्या खोलीत राहिली होती, त्यांच्या यजमानांना दहा वाजता गोळी द्यायची होती. भावानं इकडेतिकडे पाहिलं. दोघे वेटर घाबरून मागे सरले. अज्जा जिन्याच्या तोंडाशी उभा होता, गणवेश काढून ठेवलेला, धोतर वर खोचलेलं, पाण्याकडे बघत. सकाळपासून तो तूबु उघडायच्या खटपटीत होता, पण शेताकडचा पाट मालकांनी हिरवळीसाठी बुजवून टाकला होता. त्याच्या तोंडावर मात्र सगळा थकवा असूनही हसू होतं. त्याची केरे भरली होती.

"अज्जा," भाऊ म्हणाला, "तेवढी पिशवी आणतोस? तुला पाण्याची भीती नाही."

मी दोन हातांवर उभी होते. त्या काचा दोन फूट पाण्यासाठी बसवल्यात, आता जवळजवळ पाच फूट आहे, हे त्या सबंध बांधावर मला एकटीला माहीत होतं. 'थांब' म्हटलं असतं तर भावानं 'का?' विचारलं असतं. त्या 'का'ला मी भ्याले. अज्जा माझ्याकडे बघून "स्वल्प इरी, अक्का", थोडं थांबा, असं म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

आवाज मोठा नव्हता. खाली कुणीतरी जड कपाट पाडावं तेवढाच. मग जिन्यातून पाणी वर आलं, मातकट, फेसाळ, त्यात एक उशी तरंगत होती. भाऊ दहा पायऱ्या खाली धावला, गळ्यापर्यंत पाण्यात गेला, हाका मारत राहिला. वेटरांनी त्याला टाय धरून वर ओढला. त्याच वेळी तिकडे कोडी पडली आणि ढोल जोरात वाजायला लागले. गावातल्या लोकांना इकडचं काही कळलं नव्हतं.

अज्जाला दुपारी तीनला बाहेर काढलं. पिशवी त्याच्या हातातच होती.

त्या संध्याकाळी पोलिसांना जबाब देऊन आम्ही बांधावर बसलो होतो. भावाचे दात वाजत होते. त्यानं मला विचारलं, "अक्का, पाणी इतकं वर येणार हे तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आजच. इथं आल्यावर."

त्यानं मान हलवली. "मग तुझं काय चुकलं? तू तर मला सांगत होतीस, कुणाला खाली जाऊ देऊ नको म्हणून. मीच पाठवलं त्याला." तो हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हॉटेल त्यानंतर उघडलं नाही. अतिवृष्टी, नैसर्गिक आपत्ती असं कागदावर आलं आणि सगळे सुटले. भाऊ बेळगावला परत गेला, तिथं त्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्यानं लग्न केलं नाही. आई जाईपर्यंत मला विचारायची, याला एवढं काय झालंय गे, आणि मी म्हणायची, हळवा आहे.

दर ऑक्टोबरात तो बंगळूरला येतो. अज्जाच्या बायकोसाठी एक साडी आणतो. मला म्हणतो, "अक्का, चल की, मला एकट्याला जमत नाही," आणि मी जाते. ती म्हातारी ओट्यावर बसलेली असते. तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो आणि दर वर्षी तेच म्हणतो, "अव्वा, मी पाठवलं त्याला खाली." ती त्याच्या केसांतून हात फिरवते, म्हणते, जाऊ दे बाळा, तुला काय ठाऊक होतं. मी मागे खांबाला टेकून उभी असते. मागच्या वर्षी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का, तुझा तर यात काही संबंध नाही. तू का रडतेस दर वेळी?"

"हा रडतो म्हणून," मी म्हटलं. तिनं मलाही जवळ बोलावलं आणि आत जाऊन दोघांसाठी ताक आणलं.